ओलं धान्य वर का नाही ठेवलंस?

इस्लाम आणि धंदा असा विषय निघाला की बोलणं लगेच व्याजावर जातं, व्याज हराम, मग बँकेचं काय, लोनचं काय, आणि मग तिथेच फिरत राहतं. व्याजाचा मुद्दा मोठा आहेच, त्यावर खाली येतेच मी, पण बरेच दिवस या विषयावर जे मिळेल ते वाचतेय आणि मला असं दिसतंय की बाजारात रोज उठून माल विकणाऱ्या साध्या दुकानदारासाठी जे नियम सांगितलेत त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. मालाबद्दल विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत आहे का? नसेल, तर त्याच्या त्या न माहीत असण्यावर पैसा कमवायचा नाही. मला हे खूप मोठं वाटतं आणि याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून ही पोस्ट.

सहीह मुस्लिम या संग्रहात एक हदीस आहे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, तुम्ही कदाचित ऐकलीही असेल. पैगंबर मुहम्मद एका धान्याच्या ढिगाजवळून चालले होते, त्यांनी ढिगात हात घातला तर आत बोटांना ओल लागली. मालकाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसात भिजलं. त्यावर ते म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, जो फसवतो तो माझ्यातला नाही. आता यात काय काय म्हटलेलं नाही तेही बघा. भिजलेलं धान्य विकू नकोस असं म्हटलेलं नाही, फेकून दे म्हटलेलं नाही, भाव अमुक इतका कमी कर असंही नाही. पाऊस पडला त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक. त्याला फक्त एवढंच सांगितलं की ओलं वर ठेव, मग घेणारा बघेल, भाव पाडून मागेल किंवा पुढे जाईल, ते त्याचं तो ठरवेल.

नफ्यावर मर्यादा आहे का, हा प्रश्न हमखास येतो. कुराणात किंवा हदीसमध्ये इतके टक्के नफा घ्या असं कुठेही नाही. उलट बुखारी या हदीससंग्रहात उर्वा अल-बारिकी यांची गोष्ट आहे, पैगंबरांनी त्यांना एक दीनार (सोन्याचं नाणं) दिला आणि एक बकरी आणायला सांगितलं, त्यांनी बाजारात जाऊन एका दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, त्यातली एक तिथेच एका दीनाराला विकली आणि बकरी पण आणली आणि दीनार पण परत आणला. म्हणजे सरळ दुप्पट! आणि पैगंबरांनी रागावणं सोडाच, त्यांच्या व्यवहारात बरकत यावी म्हणून दुआ (प्रार्थना) केली. कुराणातल्या निसा या सुरेच्या (अध्यायाच्या) २९ व्या आयतीत (वचनात) अट घातली आहे ती एकमेकांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराची. घासाघीस चालते, महाग विकलेलं चालतं, स्वस्तात घेतलेलं चालतं. पण राजीखुशी खरी कधी म्हणायची, जेव्हा दोघांनाही माहीत आहे की आपण काय देतोय आणि काय घेतोय. बाकीचे सगळे नियम मला तरी इथूनच निघालेले दिसतात.

म्हणजे बघा, दुभतं जनावर विकायच्या आधी दोन-तीन दिवस त्याचं दूध काढायचं नाही, कास तट्ट फुगते, घेणाऱ्याला वाटतं काय दूध देणारं जनावर आहे. ही लबाडी तेव्हाच्या अरबस्तानात सर्रास चालायची. त्यावर हदीसमध्ये स्पष्ट आहे की असं जनावर घेतलेल्या माणसाने तीन दिवसांत ठरवावं, ठेवायचं तर ठेवावं नाहीतर परत करावं, आणि परत करताना जे दूध काढून घेतलं त्याच्या बदल्यात एक साअ खजूर द्यावेत. साअ म्हणजे तेव्हाचं एक माप. मला यातलं हे शेवटचं वाक्य फार आवडतं, कारण ज्याने फसवलं त्याचंही दूध फुकट जाऊ दिलेलं नाही.

तसंच गावाबाहेर जाऊन माल गाठायचा प्रकार. खेड्यातून, वाळवंटातून माल घेऊन काफिला शहराकडे येतोय, त्या लोकांना शहरातला आजचा भाव माहीत नाही, तर शहरातला चलाख व्यापारी वेशीबाहेर जाऊन त्यांना गाठतो आणि पडत्या भावाने सगळं उचलतो. याला स्पष्ट मनाई आहे, आणि नुसती मनाई करून सोडलेलं नाही, असा सौदा झालाच असेल तर माल आणणारा बाजारात पोचल्यावर, खरा भाव कळल्यावर सौदा मोडू शकतो असंही हदीसमध्ये आहे. साडेतेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी माल पिकवणाऱ्या माणसाच्या बाजूने इतका बारीक विचार केला होता, आणि आजही जगभर जिथे जिथे शेतकऱ्याला पुढच्या बाजारातला भाव माहीत नसतो तिथे तिथे त्याच जागी कुणी ना कुणी उभा असतोच.

मग लिलावात घ्यायचं काहीच नाही तरी उगाच बोली चढवत राहणारा माणूस, विकणाऱ्याने पेरलेला. त्याला नज्श म्हणतात आणि तो मना आहे. पाण्यातला न पकडलेला मासा किंवा जनावराच्या पोटातलं पिल्लू विकणं मना आहे कारण हातात काय येणार ते दोघांनाही माहीत नाही, याला घरर म्हणतात. फळं पिकायची चिन्हं दिसायच्या आधी झाडावरच विकणं मना, कारण मधे रोग आला, वादळ आलं तर घेणारा मेला. आणि शपथ! शपथेने माल खपतो पण बरकत जाते अशी हदीस आहे. "खरं सांगते, मलाच एवढ्याला पडलंय" हे वाक्य आपण कितीदा ऐकतो. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शास्त्रात, याचं वेगळं प्रकरणच आहे. आपली खरेदी किंमत सांगायची सक्ती कुणावरच नाही, गप्प राहून भाव करा काही हरकत नाही. पण एकदा का तुम्ही म्हणालात की मला इतक्याला पडलं आणि त्यावर इतका नफा घेतो, की तो मुराबहा झाला, विश्वासावरचा सौदा झाला, आणि मग तो आकडा खरा असायलाच हवा. खोटा निघाला तर घेणाऱ्याला दाद मागता येते. याचा अर्थ बाजारातल्या गप्पांमधलं ते सहज फेकलेलं वाक्य कायद्याच्या नजरेत सहज राहत नाही.

एक साधा माणूस होता, हब्बान इब्न मुन्किझ असं त्यांचं नाव देतात, व्यवहारात सारखे फसायचे. घरच्यांनी म्हणे पैगंबरांकडे जाऊन सांगितलं की यांना खरेदी-विक्री करण्यापासून थांबवा. तसं न करता पैगंबरांनी त्यांना शिकवलं की सौदा करताना म्हणत जा "फसवाफसवी नाही", आणि मग तीन दिवस परत करायची मुभा. भोळ्या माणसाला बाजारातून बाहेर काढणं सोपं होतं. त्यांनी त्याला बाजारातच ठेवलं आणि काळजी घ्यायचं काम समोरच्यावर टाकलं.

आता व्यापाऱ्यांकडे येते, कारण नियम कागदावर असतात आणि दुकान वेगळंच असतं. इमाम अबू हनीफा, ज्यांच्या नावाने इस्लामी कायद्याचा हनफी पंथ चालतो, ते इराकमधल्या कूफ्यात कापडाचे व्यापारी होते, ७६७ मध्ये वारले. त्यांच्याबद्दल सांगतात की भागीदाराला त्यांनी माल पाठवला आणि कळवलं की या एका कापडात खोट आहे, विकताना दाखवून विक. भागीदार विसरला, कापड विकलं गेलं, कुणाला विकलं तेही आठवेना. अबू हनीफांनी त्या सौद्यातले सगळे पैसे दान करून टाकले.

दुसरी गोष्ट धर्मपंडित गझालींनी (मृत्यू ११११) आपल्या लिखाणात दिली आहे, बसऱ्याच्या यूनुस इब्न उबैद यांची. त्यांच्या दुकानात दोन प्रकारची वस्त्रं होती, काही चारशे दिरहमची (दिरहम म्हणजे चांदीचं नाणं), काही दोनशेची. ते नमाजाला गेले, दुकानात पुतण्या. एक वाळवंटातला माणूस आला, चारशेचं वस्त्र दाखव म्हणाला, पुतण्याने दोनशेच्यातलं दाखवलं, त्याला आवडलं, चारशे देऊन तो खुशीत निघाला. वाटेत यूनुसच भेटले, आपलं कापड ओळखलं, केवढ्याला घेतलंस? चारशे. अरे ते दोनशेच्या वर जात नाही, चल परत. तो म्हणतोय की आमच्याकडे हे पाचशेला जातं, मी खुश आहे, जाऊ दे ना! पण यूनुस त्याला परत घेऊन आले, दोनशे हातात ठेवले आणि पुतण्याला झापलं. पुतण्या म्हणाला, त्याने राजीखुशीने घेतलं. यूनुस म्हणाले, तुला स्वतःसाठी जे चाललं असतं तेच तू त्याच्यासाठी केलंस का?

मी या गोष्टीवर बराच विचार केला कारण वर उर्वांची दुप्पट नफ्याची गोष्ट आहे आणि तिला बरकतीची दुआ मिळाली, आणि इथे तेवढाच नफा परत करायला लावला. मग बरोबर काय? मला वाटतं फरक आकड्यात नाहीच. उर्वांनी उघड्या बाजारात बकरी विकली, घेणाऱ्याला बकरी दिसत होती आणि बाजारभाव माहीत होता. पुतण्याकडे आलेल्याने चारशेचं मागितलं होतं आणि त्याच्या हातात दोनशेचं ठेवलं, आणि ते फक्त पुतण्याला माहीत होतं. "तो राजी होता" हे उत्तर यूनुसना पटलं नाही ते यासाठी.

अर्थात कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. माणसाच्या अजाणपणाचा फायदा घेऊन बाजारभावापेक्षा किती जास्त घेतलं तर ते घोर नुकसान, यावर वेगवेगळी मतं आहेत, हनफीसारखाच जो मालिकी पंथ आहे त्यात एक तृतीयांशाची रेघ प्रसिद्ध आहे. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याने १८६९ ते १८७६ मध्ये मजल्ला नावाची जी कायद्याची संहिता केली तिने तर आकडेच देऊन टाकले, साध्या मालात विसावा भाग, जनावरांत दहावा, घर-जमिनीत पाचवा. पाच टक्के म्हणजे फारच कडक वाटतं ना आज? पण मजल्लातही त्याच्या जोडीला फसवणूक झालेली असावी लागते, नुसता महाग सौदा म्हणून मोडता येत नाही, म्हणजे फिरून पुन्हा तिथेच आलो.

वजनमापाबद्दल थोडक्यात, कारण हे बहुतेकांना माहीत असतं. कुराणातली ८३ वी सुराच माप मारणाऱ्यांच्या नावाने आहे, घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात त्यांचा धिक्कार करून ती सुरू होते. मदयनच्या लोकांना पैगंबर शुऐब हेच सांगत होते की मापात पाप करू नका. आणि पैसे घेऊन तोलून देणाऱ्या एकाला पैगंबर मुहम्मद म्हणाले, तोल आणि पारडं झुकतं ठेव. पुढे यासाठी मुहतसिब नावाचा बाजारावर लक्ष ठेवणारा अधिकारी आला आणि त्याच्यासाठी हस्तपुस्तिका लिहिल्या गेल्या. बाराव्या शतकातल्या शैझरींच्या पुस्तिकेत सांगितलंय की वजनं लोखंडाची असावीत, दगडाची नकोत, कारण दगड एकमेकांवर आपटून झिजतात, आणि तराजू सारखा पुसत राहावा, तेलाचा थेंब पारड्यात थिजून बसला तरी वजनात फरक पडतो. थेंबभर तेल! ज्याने हे लिहिलं तो नक्की बाजारात तासन्‌तास उभा राहिलेला माणूस असणार.

पण अधिकारी सगळीकडे पोचत नाही. खलिफा उमर म्हणत की ज्याला दीनाची, म्हणजे धर्माची, समज आहे त्यानेच आमच्या बाजारात विकावं, म्हणजे कमीत कमी आपण करतोय ते हलाल की हराम एवढं तरी कळायला हवं. त्यांच्याच नावाने अजून एक गोष्ट सांगितली जाते, कुणीतरी एकाची ग्वाही द्यायला आला की हा चांगला माणूस आहे. उमरनी विचारलं, तू त्याचा शेजारी आहेस? नाही. त्याच्याबरोबर प्रवास केलायस? नाही. पैशाचा व्यवहार केलायस? नाही. मग तू त्याला मशिदीत डोकं खाली-वर करताना पाहिलं असशील, तू त्याला ओळखत नाहीस. मला वाटतं की हे आज मोठ्याने म्हणायची फार गरज आहे, कारण दुकानावर पवित्र नाव, भिंतीवर आयत, ओठावर अल्लाहचं नाव, आणि खाली सडका माल वर चांगला, हे जगातल्या कुठल्याही बाजारात सापडतं, आणि धर्म कुठलाही असो सापडतं. धार्मिक खुणा बघून गिऱ्हाईक बेसावध होतं हा मला यातला सगळ्यात वाईट भाग वाटतो, कारण जी गोष्ट भरवशासाठी होती तीच झाकण म्हणून वापरली.

क्लिफर्ड गिर्ट्झ नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अशा जुन्या बाजारात मालापेक्षाही दुर्मीळ असते ती माहिती, खरा भाव काय, खरा माल कसा हे शोधण्यातच सगळ्यांचा वेळ जातो, आणि म्हणून लोक ठरलेल्या दुकानदाराला धरून राहतात. हे वाचलं आणि मला वरचे सगळे नियम एकदम एका ओळीत दिसायला लागले. ना छापील किंमत, ना पॅकेटवर तारीख, ना बिल. अशा ठिकाणी दुकानदाराच्या तोंडातून निघालेला शब्द हीच सगळी माहिती, मग त्याच शब्दावर इतका कडक पहारा असणार यात नवल काय.

भावाच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार. मदिनेत महागाई झाली, लोक म्हणाले भाव बांधून द्या, पैगंबरांनी नकार दिला, भाव ठरवणारा अल्लाह आहे आणि कुणाच्या मालावर अन्याय केल्याचा दावा माझ्यावर राहू नये असं ते म्हणाले. पण साठेबाजाला मात्र त्यांनी पापी म्हटलं. पुढे धर्मपंडित इब्न तैमिया (१२६३ ते १३२८) यांनी दोन्ही जुळवून दाखवलं, की माल खरंच कमी आला म्हणून भाव चढला तर हात घालू नका, पण थोड्या लोकांनी मिळून माल अडवला म्हणून चढला असेल तर सरकारने वाजवी भावाला विकायला लावणं हाच न्याय. मला हे आजही जसंच्या तसं पटतं.

आणि बाजार म्हणजे फक्त बंधनं असं नाही हं. अब्दुर्रहमान इब्न औफ मक्का सोडून मदिनेला आले, हात रिकामे. साद इब्न रबी यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमाननी दुआ दिली आणि विचारलं, बाजार कुठे आहे ते दाखवा. लोणी आणि सुकवलेलं दही विकायला सुरुवात केली आणि पुढे मोठे धनवान झाले. कष्ट करून कमावण्याला किती मान होता हे यात दिसतं. बाजारातली जागाही मशिदीसारखीच, जो आधी आला त्याची ती त्या दिवसापुरती, असं खलिफा अलींच्या नावावर सांगतात. तुर्कस्तानात अशी कथा आहे की सुलतान मेहमेद दुसरा वेश बदलून बाजारात गेला, एका दुकानातून काही घेतलं, अजून मागितलं तर दुकानदार म्हणाला, माझी बोहनी झाली, बाकीचं शेजाऱ्याकडून घ्या, त्याची अजून नाही झाली. घडली असेल नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या ती दुकानदारांनाच सांगितली गेली हे मला महत्त्वाचं वाटतं.

उधारीवर बोलल्याशिवाय बाजार पूर्ण होत नाही. कुराणातली सगळ्यात लांब आयत (२:२८२) कशावर आहे माहितीये? उधारी लिहून ठेवण्यावर. लिहिणारा नेमा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो मोठी असो लिहायचा कंटाळा करू नका. आणि तिच्या अगदी जवळ, २८० मध्ये, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, माफ केलंत तर अजून चांगलं. व्याज का नको हे मला या दोन आयती शेजारी ठेवून वाचल्यावर जास्त कळलं, कारण अडचणीतल्या माणसाला सवड द्यायला सांगितलंय आणि व्याज म्हणजे त्याच सवडीची किंमत लावणं. बाजारातल्या छोट्या विक्रेत्याला हे पुस्तकातून शिकायला लागत नाही, सकाळी भांडवलासाठी सावकाराकडून पैसे उचलले की संध्याकाळी काय उरतं ते त्याला बरोबर माहीत असतं. पर्याय म्हणून मुदारबा होता, एकाचा पैसा एकाची मेहनत, नफा ठरलेल्या वाट्याने, आणि मेहनत करणाऱ्याने हलगर्जी केली नसेल तर तोटा पैसेवाल्याचा. तो आज छोट्या बाजारात फारसा का दिसत नाही यावर एकदा वेगळं लिहीन.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावलेली चालते का, हे मला एकीने विचारलं होतं. माल दोषी निघाला तर परत करायचा हक्क हे फिक्हमधलं मूळ तत्त्व. घेणाऱ्याने आधीच सगळ्या दोषांसकट मान्य केलं तर हनफी पंथात असा सौदा चालतो, बाकीचे तितकं मोकळं सोडत नाहीत, विशेषतः विकणाऱ्याला दोष माहीत असून तो गप्प बसला असेल तर. माझं स्वतःचं मत असं की पाटी असो नसो, माहीत असलेली खोट सांगायचीच, त्यातून पाटी सोडवत नाही. आणि मालात काहीच खोट नाही, घेणाऱ्याला नुसता पस्तावा झालाय, तर? तिथे परत घ्यायची सक्ती नाही. पण जो अशा पस्तावलेल्या माणसाचा सौदा परत घेतो त्याची चूक अल्लाह माफ करेल अशी हदीस अबू दाऊद या हदीससंग्रहात आहे, त्यामुळे ज्याला परवडतं त्याने घ्यावा असं मी तिला म्हटलं, आणि ज्याचं पोट रोजच्या गल्ल्यावर आहे त्याने "परत घेणार नाही" हे विकायच्या आधी तोंडाने सांगावं, नुसतं पाटीवर सोडू नये, कारण पाटी सगळ्यांनाच वाचता येते असं नाही.